देवासमोर नम्र राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनतीनदा नीट वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हे भाऊ मंडळीत (चर्चमध्ये) गायनाची सेवा करतात, रोज सकाळी प्रार्थनेत "प्रभू, मी काहीच नाही, मी धूळ आहे" म्हणतात, पण कोणी गाण्याचं कौतुक केलं की आतून फुलतात आणि कोणी चूक काढली की दिवसभर डोकं तापलेलं राहतं. जरा नम्र झालो असं वाटलं की त्याचाच अभिमान येतो. टीममधल्या एका भावाने त्यांना सांगितलं की तुम्ही दुसऱ्यांना पुढे येऊ देत नाही, तेव्हापासून दोघांचं धड बोलणं नाही. ऑफिसात नम्र राहायचं म्हणून गप्प बसतात तर लोक त्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवतात. आणि शेवटी विचारलंय की सेवा सोडून देऊ का, उपवास धरू का, नेमकं करू काय.

मी बरीच वर्षं मंडळीत बायबल अभ्यासाचा गट घेते आणि लोकांसोबत प्रार्थनेला बसते, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप वेळा ऐकलाय. त्या अनुभवावरून लिहिते, पटेल तेवढं घ्या, आणि वचनाशी ताडून बघा.

तुम्ही विचारलंय नम्र कसं व्हायचं, पण मला तुमच्या लिहिण्यात दुसरीच अडचण दिसते. तुम्ही दिवसभर स्वतःकडे बघताय. सकाळी मी किती खाली आहे ते बघताय, गाणं झाल्यावर मला किती आनंद झाला ते बघताय, चूक दाखवली की मला किती लागलं ते बघताय, आणि रात्री आज मी किती नम्र होतो याचा हिशोब. अशा हिशोबातून नम्रता येत नाही कारण हिशोब चांगला आला तर गर्व आणि वाईट आला तर निराशा, दोन्हीकडे मध्ये मीच. लूक १८ मधला परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटातला माणूस, आठवा, त्याच्या प्रार्थनेची सुरुवात आभार मानण्यानेच होते, म्हणजे ऐकायला धार्मिकच वाटते, पण पुढे सगळं मी असा नाही, मी तसा नाही, मी आठवड्यातून दोनदा उपवास करतो, मी दशांश देतो. तिथेच प्रार्थना करणाऱ्या जकातदाराकडे, ज्याला लोक पापी समजत, स्वतःबद्दल बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि त्यात तो दया मागत होता. मागणं हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे सगळं परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. जो माणूस मारहाण, छळ, सततचा अपमान सहन करतोय किंवा ज्याला खोल निराशेमुळे "मी काहीच नाही" असं खरंच वाटतंय, त्याला मी पुढचं काहीच सांगणार नाही. त्याला आधी हे ऐकायची गरज असते की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलंय, आणि त्याला सुरक्षित जागा, डॉक्टर, समुपदेशक हे सगळं लागतं. अशा माणसाला "अजून नम्र हो" म्हणणं ही क्रूरता आहे, आणि दुर्दैवाने मंडळ्यांमधून ती होते. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं तसं वाटत नाही, पण मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हीच प्रामाणिकपणे बघा.

आता ती सकाळची प्रार्थना. आपण धूळ आहोत हे खरंच आहे, स्तोत्र १०३ म्हणतं की आपण माती आहोत हे देव विसरत नाही. पण तिथे संदर्भ बघितलात का, बाप जसा मुलांवर दया करतो तसा तो करतो, असं आधी म्हटलंय आणि त्याला जोडून हे आलंय. म्हणजे ती देवाच्या कोमलतेबद्दलची ओळ आहे, ती आपण स्वतःला हिणवायला वापरतो. पौलाचं बघा, जो आधी येशूच्या अनुयायांचा छळ करायचा आणि पुढे प्रेषित, म्हणजे येशूचा संदेश सांगायला पाठवलेला माणूस, झाला. १ करिंथ १५ मध्ये (करिंथकरांस त्याचं पहिलं पत्र) तो म्हणतो मी प्रेषितांमध्ये सगळ्यात कनिष्ठ, मंडळीचा छळ केला म्हणून प्रेषित म्हणवून घ्यायलाही लायक नाही, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने. दोन्ही एका श्वासात. आपले श्रम खोटे होते असं म्हणत नाही, कमी होते असंही म्हणत नाही, फक्त कुठून आले ते सांगतो. रोमकरांस पत्रात १२:३ ला तोच सांगतो की स्वतःला जितकं मानायला हवं त्यापेक्षा जास्त मानू नका, समंजसपणे विचार करा. तुमचा आवाज चांगला असेल तर देवासमोर "माझा आवाज काहीच नाही" म्हणणं ही नम्रता नाही हो, ते खोटं बोलणं आहे, आणि तेही ज्याने आवाज दिला त्याच्यासमोर.

मग नम्रता काय? माझ्या अनुभवात ती वाटण्यापेक्षा करण्याची गोष्ट जास्त आहे, आणि करायची म्हणजे देवावर विसंबायचं. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातली ५:६-७ ही वचनं एकत्र वाचा. देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, आणि लगेच, सगळी चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो. बरेच जण ही दोन वचनं वेगवेगळी पाठ करतात, पहिलं गर्विष्ठांना आणि दुसरं चिंतेत असलेल्यांना. पण पेत्र ती जोडून लिहितो. चिंता स्वतःच्या छातीशी धरून बसणं म्हणजे हे सगळं मलाच सांभाळायचंय असं समजणं, आणि ती देवाकडे देणं म्हणजेच त्याच्या हाताखाली येणं. हे मला कळलं तेव्हापासून मी लोकांना सांगते की "मला नम्र कर" ही प्रार्थना थोडी बाजूला ठेवा आणि मागायला लागा. आज दुपारी ज्या माणसाला फोन करायचाय त्याच्याशी काय बोलू ते सुचव. मुलाला ओरडताना जीभ आवर. हा रिपोर्ट मला जमत नाहीये, मदत कर. अगदी इतकं बारीक. जो दिवसभर मागतो त्याला आपण धूळ आहोत हे वेगळं म्हणावं लागत नाही, आणि मिळालं की आभार मानायची जागाही आपोआप तयार होते.

याच्या जोडीला याकोबाच्या पत्रातलं ४:१३-१५ ठेवा, आम्ही उद्या अमक्या गावी जाऊ, वर्षभर धंदा करू, पैसा मिळवू, असं म्हणणाऱ्यांना तो सांगतो की उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, प्रभूची इच्छा असेल तर असं म्हणा. हे वाक्य तोंडी लावायला सोपं आहे, खरी गंमत प्लॅन मोडतो तेव्हा कळते. गाडी चुकली, मीटिंग रद्द झाली, तुमचं गाणं ऐन वेळी वगळलं, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत मनात काय होतं ते बघा, आणि त्या पाच मिनिटांतच देवाशी बोला. चिडलात तर चिडलोय म्हणून सांगा. स्तोत्रांमध्ये लोक किती मोकळेपणाने देवाकडे तक्रार करतात, त्यालाही लीनताच लागते, कारण तक्रार घेऊन त्याच्याच दाराशी गेलात ना.

आता सगळ्यात अवघड भाग, चूक दाखवल्यावर काय. इथे मी जरा थांबते कारण तुमचा खरा काटा इथेच रुतलाय असं मला वाटतं. बायबलमध्ये दोन राजे आहेत, दोघांनाही तोंडावर चूक दाखवली गेली. उज्जीया सोळा वर्षांचा असताना राजा झाला, बावन्न वर्षं त्याने राज्य केलं, २ इतिहास २६ मध्ये त्याच्या विहिरी, शेती, सैन्य, बुरूज सगळ्याचं वर्णन आहे आणि देवाने त्याला मदत केली असंही स्पष्ट लिहिलंय. समर्थ झाल्यावर त्याचं मन उन्मत्त झालं आणि तो मंदिरात स्वतः धूप जाळायला गेला, जे काम याजकांचं होतं. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ऐंशी याजक आडवे आले, म्हणाले हे तुझं काम नाही, बाहेर जा. उज्जीया संतापला, हातात धुपाटणं, आणि तो याजकांवर रागावलेला असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठलं. नीट बघा, मंदिरात शिरला तेव्हा कोड उठलं नाही. अडवल्यावर परत फिरायची संधी होती, ती रागाने घालवली.

दुसरा राजा दावीद. त्याचं पाप कितीतरी भयंकर, आधी दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबाशी, व्यभिचार, मग तिच्या नवऱ्याचा खून. नाथान संदेष्टा येतो, गोष्ट सांगतो आणि म्हणतो तो माणूस तूच. दावीद राजा होता, नाथानाचं तोंड बंद करणं त्याला काय अवघड होतं? तो फक्त म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. स्पष्टीकरण नाही, तू कोण मला सांगणारा नाही. परिणाम टळले नाहीत, घरात पुढे खूप दुःख आलं, पण स्तोत्र ५१, त्याची पश्चात्तापाची प्रार्थना, त्या वळणावरून आलंय. म्हणून मी म्हणते की देवासमोर आपण किती नम्र आहोत हे गुडघ्यावर असताना कळणं कठीण, कारण देव गप्प ऐकून घेतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. देव माणसाच्या तोंडून बोलतो तेव्हा कळतं.

अर्थात प्रत्येक टीका देवाकडूनच येते असं नाही, काही लोक जळतात, काही जण अर्धवट माहितीवर बोलतात. म्हणून मी लोकांना असं सांगते, ऐकताना उत्तर द्यायचं नाही, "मी यावर विचार करतो" एवढंच म्हणायचं आणि घरी येऊन देवाला विचारायचं की यात खरं किती आहे. सगळं खरं नसेल, दहातला एक भाग खरा असेल, तर तो एक भाग घ्यायचा आणि बाकीच्या नऊबद्दल भांडायला जायचं नाही. तुमच्या बाबतीत तर तपासणंही सोपं आहे, गेल्या काही महिन्यांत मुख्य गाणी कोणी गायली ते आठवा, नवीन मुलांपैकी कोणाला संधी मिळाली ते आठवा. उत्तर मिळालं की त्या भावाकडे जा, मेसेज नको, समोर जा, आणि म्हणा की तुम्ही जे बोललात त्यात हे हे खरं आहे, मी तुमच्याशी बोलणं टाकलं तेही चुकलं, मला माफ करा. आणि मग थांबा. "पण तुम्हीसुद्धा" हे शब्द त्या दिवशी अजिबात नकोत. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, तुमच्यासाठी अर्पण म्हणजे गाणं, तेव्हा पुढच्या उपासनेच्या आधी हे करा.

पाप कबूल करण्याबद्दलही हेच, नेमकेपणाने करा. "प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर" ह्या वाक्यात लपायला खूप जागा असते. आज दुपारी मी अमक्याबद्दल खोटं बोललो, असं म्हणायला जीभ अडखळते आणि तिथेच काहीतरी मोडतं. याकोब ५:१६ तर एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो. काही मंडळ्यांमध्ये हे धर्मगुरूंपाशी होतं, काही ठिकाणी विश्वासू वडीलधाऱ्या माणसापाशी, तुमच्याकडे जशी पद्धत असेल तसं, पण एक तरी माणूस असू द्या ज्याला तुमचं खरं माहीत आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी मठातल्या लोकांसाठी जे नियम लिहिले त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, त्यातली पाचवी हीच, मनातले वाईट विचार आणि लपून केलेली पापं मठाच्या वडिलांपासून न लपवणं. आणि पहिली पायरी देवाचं भय सतत डोळ्यासमोर ठेवणं, तो आपल्याला बघतोय हे न विसरणं. मान खाली घालून चालणं वगैरे बाहेरून दिसणारं सगळं बाराव्या पायरीला येतं. आपण बरेचदा बाराव्यापासून सुरू करतो.

कौतुक झाल्यावर काय करायचं, हे मात्र फार अवघड करू नका. कोणी म्हणालं गाणं छान झालं, तर "थँक यू, तुम्हाला आवडलं बरं वाटलं" म्हणा आणि विषय बदला. "नाही नाही, मी काय, सगळं प्रभूने केलं" असं लांबण लावलं की समोरचा आणखी दोनदा कौतुक करतो, आणि मनाला तेच हवं असतं कधीकधी. आनंद झाला तर होऊ द्या, आनंद हे पाप नाही. रात्री तो आनंद देवाकडे न्या, ज्याने शिकवलं त्याचं नाव घेऊन आभार माना, ज्याने तबला नाहीतर गिटार धरली त्याच्यासाठी आभार माना. १ करिंथ ४:७ मध्ये पौल विचारतो, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला दिलेलं नाही? हा प्रश्न रात्री पाच मिनिटं घेऊन बसलात तरी पुरे.

इथपर्यंतचं सांगायचं तर, बारीकसारीक मागा, नेमकं कबूल करा, टीकेतला खरा भाग उचला, कौतुक देवापर्यंत पोचवा. यातल्या कशासाठीही स्वतःला मोजत बसावं लागत नाही.

ऑफिसचं वेगळं आहे. देवासमोर नम्र असणं आणि माणसांनी काहीही केलं तरी गप्प राहणं या दोन गोष्टींची तुमच्याकडे गल्लत झालीय असं मला वाटतं. योहान १८ मध्ये शिपाई येशूला चापट मारतो, तेव्हा तो उलट मारत नाही पण गप्पही बसत नाही, म्हणतो मी वाईट बोललो असलो तर सिद्ध कर, योग्य बोललो असलो तर मला का मारतोस? येशूपेक्षा नम्र कोण? प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला यांना अधिकाऱ्यांनी चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा पौल म्हणाला आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणायला वचनाची आडकाठी नाही. तुम्ही केलेलं काम तुमच्या नावाने पाठवा, मीटिंगमध्ये शांतपणे सांगा की हा भाग मी केलाय आणि तो भाग अमक्यांनी केलाय, दुसऱ्याचं श्रेयही त्याच वाक्यात द्या. मी एक कसोटी वापरते, जे बोलणार आहे ते आधी प्रार्थनेत देवासमोर जसंच्या तसं म्हणता येतंय का? येत असेल तर बोलते. शब्द बदलावेसे वाटले तर बदलते. आणि बोलूनही न्याय मिळाला नाही तर तिथे खरी पेत्राची वचनं लागतात, देव योग्य वेळी उंच करील, ती वेळ त्याच्या हातात सोडायची, रात्रभर मनात भांडण चालू ठेवायचं नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीये पण सेवा करणाऱ्या लोकांत मला हमखास दिसतं. मदत घेता येते का तुम्हाला? योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा आपण सगळे धुणाऱ्याकडे बघतो, पण पेत्राकडे बघा, तो म्हणतो तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती आदराचं वाटतं, आणि प्रभू त्याला म्हणतो, नाही धुतले तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. जे लोक सगळ्यांसाठी धावतात, आजारी पडले तरी कोणाला कळवत नाहीत, पैशाची अडचण असली तरी हसत असतात, त्यांना घेणं फार जड जातं. तुम्हाला जे जमत नाही ते या आठवड्यात कोणाला तरी सांगा आणि मदत मागा, टीममधल्या एखाद्या लहान मुलाकडून काही शिकता आलं तर फारच छान.

सेवा सोडायची का? नुसतं कौतुकाने बरं वाटतं एवढ्यासाठी सोडू नका, शंभर टक्के शुद्ध मनाने सेवा करणारा मला अजून भेटलेला नाही. पण त्या भावाचं म्हणणं तपासून खरं निघालं, तुमच्यामुळे इतरांना खरंच जागा मिळत नसेल, तर काही काळ मागे व्हा. आणि हा निर्णय एकट्याने घेऊन राजीनाम्यासारखा जाहीर करू नका, पाळकांशी (मंडळीच्या पास्टरांशी) बोला, ते म्हणतील तसं करा. सुरुवातीच्या मंडळीतला बर्णबा बघा, शौलावर, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच माणसावर, कोणाचा विश्वास नव्हता तेव्हा त्याने त्याला प्रेषितांपुढे नेलं, नंतर तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं, आणि पुढे कृत्ये १३ मध्ये सुरुवातीला "बर्णबा व शौल" असा उल्लेख येतो आणि थोड्याच वेळात बहुतेक ठिकाणी "पौल व बर्णबा". बर्णबाने याबद्दल कुरकुर केली असं कुठेही नाही. तुम्ही महिनाभर कोरसमध्ये उभे राहा, मुख्य गाणं ज्याला संधी मिळाली नाही त्याला द्या, त्याला सराव करून द्या, स्टेजच्या वायरी गुंडाळायचं काम घ्या. मनात कालवाकालव होईल. ती दाबू नका, सकाळच्या प्रार्थनेत तेच मागा.

उपवासाचं विचारलंत. धरा, पण नम्र व्हायचं साधन म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका, परुशीही आठवड्यातून दोनदा धरत होताच, आणि कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की शरीराला कष्ट देणं दिसायला शहाणपणाचं वाटतं पण देहाच्या लालसेला आवर घालायला त्याचा उपयोग होत नाही. यशया ५८ वाचून मग ठरवा, तिथे देव विचारतो की उपवास धरता आणि त्याच दिवशी भांडणं करता, कामकऱ्यांना पिळता, तो कसला उपवास. भूक लागली की आपण भाकरीसाठीसुद्धा देवावर अवलंबून आहोत हे आठवायला उपवास चांगला, तेवढ्यासाठी धरा. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा एकच जेवण सोडा, पूर्ण दिवस नको, तो वेळ प्रार्थनेला द्या आणि मंडळीत कोणाला सांगू नका. घरात जे स्वयंपाक करतात त्यांना मात्र आदल्या रात्रीच सांगा, गुप्त ठेवायचं म्हणून त्यांचं केलेलं अन्न वाया घालवायचं नाही.